विहिरीवरचे रिकामे खोपे

पाखरांचंही सरकार होतं, त्या काळातली ही गोष्ट. गावातला पार ओस पडला, तो पुन्हा गजबजावा म्हणून गरुडराजाने बेघर चिमण्यांसाठी गवत धाडलं आणि पारावरच्या पिंपळात घरं करायचं काम सुगरणीला दिलं. सुगरणीने आपल्या सवयीने लांबच्या विहिरीवर, बाभळीला सुरेख खोपे टांगले.

राजा पाहायला आला. "काय कसब आहे," तो म्हणाला. "राहतं कोण?"

सुगरणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चिमणीच हळू बोलली, "ताई, झुलत्या घरात आमची पिल्लं भितात. पिंपळाच्या ढोलीत चार काड्या पुरल्या असत्या. तुम्ही विचारलंच नाही."

राजा गेल्यावर सुगरणीने स्वतःच्या चोचीने खोपा उसवला. गवत घेऊन ती पिंपळावर आली आणि मान खाली घालूनच म्हणाली, "चिऊताई, पहिली काडी कुठे ठेवू?"