दोन दिवस झिरपणारा माठ

एका गावात, नदीच्या वळणावर जिथे चांगली चिकणमाती सापडते तिथेच, एक कुंभारीण आपल्या मुलीबरोबर राहत होती. मुलीचं नाव सोनकी, वय सात वर्षं. घरात दोघीच. कुंभारणीचे माठ फार देखणे होते अशातला भाग नाही. एखाद्याचं तोंड जरा वाकडं असायचं, एखाद्याचं पोट एका बाजूला सुटलेलं असायचं. तरी पाच गावची माणसं माठ घ्यायला तिच्याकडेच यायची, कारण ती विकताना माठाची उणीव आधी सांगायची.

गिऱ्हाईक आलं की ती माठ त्याच्या हातात द्यायची आणि वाजवून बघायला सांगायची. चांगला माठ बोटाने वाजवला की खणखणीत बोलतो, तडा गेलेला बद्द वाजतो. कुणी एकदा वाजवो, कुणी दहादा, ती कंटाळायची नाही. आणि माठ घेऊन माणूस निघाला की मागून हाक मारून सांगायची, की नवा माठ पहिले दोन दिवस झिरपतो, खाली पाणी साचेल, घाबरू नका. तिसऱ्या दिवशी थांबतो. नाही थांबला तर मी इथेच आहे, परत घेऊन या.

ही सवय तिला एका चुकीतून लागली होती. लग्न होऊन ती नवीन आली होती तेव्हा तिने गावातल्या शिंप्याला एक माठ दिला, आणि घाईगडबडीत झिरपण्याचं सांगायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी शिंप्याने माठाखाली पाण्याचं थारोळं पाहिलं. त्याला वाटलं, आपल्या गळ्यात फुटका माठ मारला. तो तसाच उठला आणि माठ आणून तिच्या दारात आपटला. माठ चांगला होता. खापऱ्या गोळा करताना तिला रडू आलं, पण शिंप्याचा राग मात्र आला नाही. त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

तसा शिंपी माणूस वाईट नव्हता. घरोघरी जाऊन ओसरीवर बसून तो कपडे शिवायचा. लहान मुलांच्या झबल्यांना उरलेल्या कापडाची फुलं लावून द्यायचा, तीही न मागता. फक्त त्याची एक खोड होती. एका घरात ऐकलेली बातमी तो दुसऱ्या घरी न्यायचा, आणि तिथे पोचेपर्यंत तिला झालर लागलेली असायची.

त्या काळी अधूनमधून फोडांची साथ यायची. मुलं तापाने फणफणायची, अंगभर फोड उठायचे. काही लेकरं त्यातच जायची, काही वाचायची पण डोळे गमावून बसायची. या साथीवर दूरच्या नगरात लस निघाली होती. ती दंडावर टोचायची असे.

तीन वर्षांपूर्वी लस टोचणारा एक माणूस गावात आला होता. भारी पगडी, चेहऱ्यावर घाई. टोचल्यावर काही होणार तर नाही ना, असं आयांनी विचारलं, तेव्हा काहीएक होत नाही असं म्हणून तो मोकळा झाला. शिंप्याने पुन्हा विचारलं, तर त्याने वरदेखील पाहिलं नाही.

"तू कपडे शिव," तो म्हणाला. "हे तुझ्या डोक्याबाहेरचं आहे."

त्या दिवशी चार मुलांना टोचलं. त्यात शिंप्याचा भाचाही होता. संध्याकाळी त्याला ताप भरला, दंड सुजला. शिंपी धावत चावडीवर गेला, तर पगडीवाला कधीच पुढच्या गावी निघून गेला होता. ताप दोन दिवसांत उतरला. पण त्या दोन दिवसांत शिंप्याच्या बहिणीने देव पाण्यात ठेवले होते. शिंप्याच्या मनात एक गोष्ट घट्ट बसली, की हे लोक खोटं बोलतात आणि पळून जातात. त्याने ही हकीकत घरोघरी सांगितली. त्याच्या सांगण्यात तो ताप दर वर्षी चार-पाच दिवसांनी वाढत गेला, आणि तिसऱ्या वर्षी चांगला पंधरा दिवसांचा झाला.

मग एका उन्हाळ्यात दोन गावं पलीकडे साथ आली. त्याच आठवड्यात एक वैद्यबाई लस घेऊन गावात आली. केस पिकलेले, तोंडावर लहानपणच्या फोडांचे वण. ती पारावर चटई टाकून बसली. दिवसभरात तिच्याकडे एक कुत्रं तेवढं आलं.

दुसऱ्या दिवशी कुंभारीण गेली. सोनकीला तिने घरीच ठेवलं होतं. तिने वैद्यबाईला सरळ सांगितलं, की मी माठ विकते, वाजवून दाखवल्याशिवाय देत नाही आणि वाजवल्याशिवाय काही घेतही नाही. वैद्यबाईने चटईवर सरकून तिला जागा करून दिली आणि म्हणाली, वाजव.

"टोचलं तर पोरीला काय होईल?"

"ताप येईल. बहुतेक दोन दिवस. दंड सुजेल, दुखेल, किरकिर करेल. त्याहून जास्त त्रास फार थोड्यांना होतो. पण होतो, नाही असं मी म्हणणार नाही. म्हणून मी टोचून निघून जात नाही. आठव्या दिवशी प्रत्येक पोराचा दंड बघते आणि मगच गाव सोडते."

"जास्त त्रास कुणाला होईल, ते आधी कळतं?"

"नाही कळत. पण फोड आले तर काय होतं, ते मला चांगलं ठाऊक आहे. आम्ही तिघी बहिणी होतो. मी एकटी राहिले."

कुंभारणीने तिच्या तोंडावरच्या वणांकडे पाहिलं. मग वैद्यबाईने आपणहून सांगितलं, की माझ्या शब्दावर जाऊ नकोस, खालच्या गावात मी दोन वर्षांपूर्वी टोचलं आहे, तिथल्या आयांना जाऊन विचार. कुंभारीण खरंच गेली. सोनकीचं बोट धरून, पायी दोन कोस. तिथे तिने सात-आठ घरं पालथी घातली. बहुतेकींनी दोन दिवसांच्या तापाचं सांगितलं. एकीचा मुलगा पाच दिवस पडून होता. तो कसा बरा झाला, हे विचारल्यावर ती बाई म्हणाली, की वैद्यबाई पाचही दिवस आमच्याच ओसरीवर होती, माझ्यापेक्षा जास्त तीच जागली.

परत आल्यावरही कुंभारणीचे प्रश्न संपेनात. असं झालं तर, तसं झालं तर. वैद्यबाई प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत राहिली, आणि जे माहीत नव्हतं तिथे माहीत नाही म्हणत राहिली. चौथ्या दिवशी शेजारच्या गावात पहिला रुग्ण सापडल्याची बातमी आली. तेव्हा वैद्यबाईने कुंभारणीचा हात धरला.

"आणखी विचार, मी सांगेन. पण माठ वाजवायचा तो पाणी भरण्यासाठी ना गं? नुसता वाजवतच बसलीस, तर पोर तहानेलीच राहील."

त्या दुपारी शिंपी कुंभारणीच्या दारात आला. त्याचे डोळे भरले होते. त्याने भाच्याची गोष्ट पुन्हा सांगितली, पण या वेळी झालर न लावता, जशी घडली तशी. तो काकुळतीला आला होता. सोनकीच्या लहानपणच्या झबल्यावरची फुलं त्यानेच लावलेली होती.

"वहिनी, एकुलती एक पोर आहे तुमची. ती बाईही पळून जाईल."

"नाही जाणार, दादा. मी विचारून आले आहे. तुम्हीही बकुळाला आणा."

बकुळा म्हणजे शिंप्याची चार वर्षांची नात. तिचं नाव काढताच तो मान हलवत परत फिरला.

कुंभारणीने आधी स्वतः टोचून घेतलं, मग सोनकीला पुढे केलं. सोनकी रडली, पण थोडीच. दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. बघता बघता अंग इतकं तापलं की कपाळावरची ओली पट्टी बदलेपर्यंत वाळायची. दारात बायाबापड्यांची गर्दी झाली. शिंपीही मागे उभा होता. त्याला आनंद झाला नव्हता, त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

वैद्यबाई सोनकीच्या उशाशी बसून होती. कुंभारीण पट्टी पिळत होती.

"तुम्ही आधी सांगितलं होतं म्हणून धीर आहे, बाई. पण भीती वाटते मला."

"मलाही वाटते," वैद्यबाई म्हणाली. "दर वेळी वाटते."

हे ऐकून कुंभारणीला का कोण जाणे, बरं वाटलं. आपल्या लेकरासाठी परकं माणूस घाबरतं, यात केवढी माया असते. दोघी आळीपाळीने पट्ट्या बदलत राहिल्या. तापाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी सोनकीला दरदरून घाम आला, ताप उतरला, आणि तिने डोळे उघडून गूळ-भाकरी मागितली. कुंभारीण चुलीपुढे बसून भाकरी थापता थापता रडली.

आठव्या दिवशी वैद्यबाईने सोनकीचा दंड उजेडात धरून नीट पाहिला आणि मान डोलावली. बाहेर गावातल्या आया मुलांना घेऊन उभ्या होत्या. त्यांनीही खूप प्रश्न विचारले. वैद्यबाई आणखी आठ दिवस राहिली. जवळजवळ सगळ्या मुलांना टोचून झालं. शिंपी मात्र बकुळाला घेऊन आला नाही. वैद्यबाई दोनदा त्याच्या दारी गेली, दोन्ही वेळा त्याने दार लावून घेतलं. शेवटी तिला पुढच्या गावी जावं लागलं, कारण तिथेही मुलं होती.

पंधरा दिवसांनी साथ गावात आली. टोचलेल्या मुलांना काही झालं नाही. शिंप्याचा भाचासुद्धा, ज्याच्या तापाची गोष्ट तीन वर्षं गावभर फिरत होती, तो गल्लीत गोट्या खेळत होता. बकुळाला मात्र फोड आले.

शिंप्याच्या घराकडे कुणी फिरकेना. लोक वाईट नव्हते, घाबरले होते. दुसऱ्या दिवशी कुंभारीण पेजेचं भांडं घेऊन त्याच्या दारात गेली. तिचा पदर धरून सोनकीही आली होती. शिंपी उंबऱ्यावर आडवा झाला.

"पोरीला आत नका आणू, वहिनी. पाया पडतो."

"तिला आता भीती नाही, दादा. त्याचसाठी टोचलं."

शिंपी बाजूला झाला. त्या दिवसापासून कुंभारीण रोज जाऊ लागली. ती बकुळाचं अंग पुसायची, चमच्याने पेज भरवायची. सोनकी पायाशी बसून तिला गोष्टी सांगायची, बकुळा ऐकत असो वा नसो. अकराव्या दिवशी बकुळाचा ताप उतरला. ती वाचली. पण तिचा डावा डोळा गेला.

शिंप्याने कितीतरी दिवस सुईला हात लावला नाही. मग एका सकाळी तो कुंभारणीच्या अंगणात येऊन बसला. ती चाकावर माठ घडवत होती. तिने चाक थांबवलं.

"वहिनी, मी पुन्हा चांगला माठ फोडला."

"पहिल्यांदा फोडलात तेव्हा तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं," कुंभारीण म्हणाली. "ती चूक माझी होती. त्या पगडीवाल्यानेही सांगितलं नाही. ती त्याची."

"आणि या वेळी?"

कुंभारणीला खोटं बोलता येत नव्हतं, आणि खरं बोलवत नव्हतं. तिने ओल्या मातीचे हात पदराला पुसले, आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. शिंपी पाणी प्यायला आणि हुंदके देऊन रडला. ती त्याच्याजवळ बसून राहिली.

पुढच्या वर्षी वैद्यबाई पुन्हा आली, तेव्हा वेशीवर तिची पिशवी घ्यायला शिंपी उभा होता. तो तिला घेऊन घरोघरी फिरला, पलीकडच्या गावांतही गेला. ओसरीवर बसला की आधी सांगायचा, ताप येईल, दोन दिवस येईल, दंड सुजेल. मग म्हणायचा, हवं ते विचारा, बाई चिडत नाहीत. आणि सगळ्यात शेवटी बकुळाची गोष्ट सांगायचा. ती सांगताना त्याने तिला कधी झालर लावली नाही. जेवढी घडली तेवढीच सांगायचा, आणि तेवढी पुरायची.

बकुळा मोठी होऊन कुंभारणीकडे काम शिकू लागली. विकायला ठेवलेले माठ वाजवून बघायचं काम तिचं. कान लावून ऐकायची आणि बारीकशी चीरही ओळखायची. माठ घेऊन माणूस निघाला की अंगणातून दोन पोरींचा आवाज एकदम यायचा, दोन दिवस झिरपेल हं, घाबरू नका.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: जाणत्याने गुणाबरोबर उणंही सांगावं आणि शेवटपर्यंत सोबत राहावं, आणि विचारणाऱ्याने पोटभर विचारावं, पण खरं उत्तर मिळाल्यावर वेळेत पाऊल उचलावं. विश्वास असा दोघांनी मिळून घडवायचा असतो.