तिळाला नाका मोकळा

डोंगरातल्या एका गावी एकदा एक वृद्ध गुरुजी राहत असत. बंदरावरच्या श्रीमंत नगराशी गावाचा व्यापाराचा करार व्हायचा होता. गावकऱ्यांनी आपला शिक्का गुरुजींच्या तरुण शिष्याच्या हाती दिला आणि दोघांना नगरात धाडले. शिष्य भलताच खुशीत होता. त्याच्या थोरल्या भावाचा तेलाचा घाणा बंद पडला होता आणि नगरात हमाली करायला जातो म्हणून त्याने बोचकेही बांधून ठेवले होते. करार झाला की तेलाला गिऱ्हाईक मिळेल आणि दादा घरीच राहील, एवढेच याच्या मनात होते.

निघताना गुरुजींनी त्याच्या खांद्यावर तिळाची पिशवी दिली आणि हातात तेलाचा बुधला.

"आता हे कशाला? नगरात काय तेलाचा दुष्काळ पडलाय?" शिष्य कुरकुरला. गुरुजी पुढे चालू लागले. म्हातारपणी माणूस हट्टी होतोच, असे म्हणत बिचारा ओझे वाहत राहिला.

नगराच्या वेशीवर जकातनाका होता. जकातदाराने पिशवीत हात घातला. "तीळ? जाऊ द्या." मग बुधला हुंगला. "तेल? जकात भरा." आकडा ऐकून शिष्याचे डोळेच पांढरे झाले.

"अहो, त्याच तिळांचं तेल आहे हे!"

"असेल. तीळ आमच्या घाण्यांना लागतात. तेल आमच्याकडे आहे."

"करार होऊ दे, मग बघतो याच्याकडे," शिष्य चरफडला.

गुरुजी तिथेच दगडावर टेकले. "करारात तेलाचं काय लिहिलंय, वाच बघू."

नगरशेठांनी पाठवलेला मसुदा शिष्याने उघडला. गावचे तीळ नगरात बिनजकात, नगराचे तेल गावात बिनजकात. शिवाय नगराकडून गावाला भेट म्हणून रस्ता, विहिरी, उत्तम बियाणे. एक वस्तू त्यांची, एक आपली, अगदी बरोबरीचा सौदा, असे त्यानेच गावाला पटवून दिले होते. गावच्या तेलाचा त्यात शब्दही नव्हता, हे आता त्याला दिसले.

"बाळा, भेटी काही खोट्या नाहीत," गुरुजी म्हणाले. "रस्ता होईल, विहिरींना पाणी लागेल, तीळही भरघोस येतील. पण आपण जन्मभर तीळच पिकवावेत, एवढ्यापुरतीच ही मदत आहे. सूट दोघांना सारखी दिसते. त्यांना ती कारागिरीवर मिळते, आपल्याला कच्च्या मालावर. तिळावर आपण जे कष्ट करू, त्या कष्टांनाही हा नाका मोकळा हवा. नाहीतर आपल्याच रस्त्याने त्यांचं तेल येईल आणि आपली माणसं जातील."

नगरशेठांच्या पेढीवर शिष्याने एकच ओळ वाढवायला सांगितली: गावचे तेलही बिनजकात.

शेठ हसले. "अहो, रस्ता देतोय, विहिरी देतोय, आणखी किती ताणाल?"

"तेवढं नसेल, तर शिक्का नाही." शिष्याने शिक्का मागे घेतला. हातचा रस्ता जाईल, ही भीती त्याला होतीच.

शेठांचे घाणे तिळांवाचून अडले होते. बराच विचार करून ते म्हणाले, "येऊ दे तुमचं तेल. रस्ताही करतो, तीळ आणायला तो मलाच लागतो. विहिरी मात्र तुमच्या तुम्ही खणा."

शिष्याने गुरुजींकडे पाहिले. ते खिडकीबाहेर बघत होते. मग त्याने आपल्या मनाने शिक्का उमटवला.

परतताना तो हळहळला. "गुरुजी, विहिरी गेल्या हो आपल्या."

"खणाव्या लागतील."

"दादा आहे की," शिष्य म्हणाला. "आता तो कुठे जातोय गाव सोडून!"