उन्हातली अंडी

एकदा एक म्हातारा तांडेल होता. गाव कोणतं ते विचारू नका, मी सांगणार नाही. सांगितलं तर पुढच्या सुट्टीत तुम्ही तिकडेच जाल आणि ही गोष्ट उगाच सांगितली असं मला वाटत राहील.

त्या गावापासून होडीने दोन तासांवर, भर समुद्रात एक बोडका खडक आहे. झाड नाही, गवताची काडी नाही. दर उन्हाळ्यात हजारो सुरय तिथे उतरतात. सुरय म्हणजे काळ्या टोपीचा, दुभंगलेल्या शेपटीचा पांढरा समुद्रपक्षी. घरटं बांधण्याच्या भानगडीत तो पडत नाही. उघड्या दगडावर अंडं घालतो आणि त्यावर बसून राहतो. हे पाहण्यासाठी लांबलांबून माणसं येतात, आणि त्यांना होडीतून नेऊन आणण्याचं काम हा म्हातारा चाळीस वर्षं करत आला होता.

त्याची एक शिष्या होती. वय तिशीच्या पुढे. बारा वर्षं तिने कारखान्यात कोळंबी सोलली होती. बर्फात हात घालून घालून बोटांची सालं निघाली होती. एके दिवशी ती म्हाताऱ्याच्या दारात जाऊन उभी राहिली आणि मला होडी शिकवा म्हणाली. गाव फिदीफिदी हसलं. म्हातारा हसला नाही. पुढची तीन वर्षं त्याने तिला वारा शिकवला, भरती-ओहोटी शिकवली, खडकाभोवतीचे बुडीत दगड डोळे मिटून सांगता येतील इतके पाठ करून घेतले. जे हसले होते, ते आता गप्प होते.

होडी मात्र म्हाताऱ्याची नव्हती. ती एका व्यापाऱ्याची होती. सगळे त्याला शेठ म्हणत. म्हाताऱ्याची नजर अधू झाली होती, त्यामुळे नवा तांडेल नेमायचाच होता. शेठने शिष्येला सांगून टाकलं की रविवारी शहरातून माझे खास पाहुणे येणार आहेत, मीही बरोबर असेन, पाहुणे खूश होऊन परतले तर होडी तुझ्या हाती. नाहीतर कारखाना आहेच. तिला त्या आठवड्यात धड जेवण गेलं नाही.

आता पाहुणे खूश कसे होतात, तेही ऐका. त्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक होडीत तेलाचा एक रिकामा पत्र्याचा डबा असे. खडकाजवळ गेलं की तो काठीने बडवायचा. हजारो पक्षी एका दमात वर उडतात, आभाळ पांढरं होतं, आणि प्रवासी टाळ्या पिटत मोबाइल उंचावतात. याला तिथे ‘पाखरं उठवणं’ म्हणत. ज्याला पाखरं उठवता येत नाहीत तो कसला तांडेल, अशी तिथली समजूत.

शिष्या बिनकाळजाची नव्हती. तिने यावर पुष्कळ विचार केला होता. पक्षी अंड्यावर बसतो तो ऊब द्यायला. म्हणजे सकाळच्या गारव्यात त्याला उठवलं तर अंडं गार पडणार. पण भर दुपारी सूर्यच अंडी उबवत असतो, तेव्हा घटकाभर पक्षी उठले तर काय बिघडतं? म्हणून तिने मुद्दाम दुपारची वेळ ठरवली. आपण पाहुण्यांचंही मन राखलं आणि पाखरांचंही, असं तिला वाटलं. कौतुक होईल या आशेने तिने ते म्हाताऱ्याला सांगितलं. तो नुसतं ‘बरं’ म्हणाला.

रविवारी होडी निघाली. आठ पाहुणे, शेठ, सुकाणूवर शिष्या, आणि मागच्या फळीवर म्हातारा. ताडपत्रीच्या छताखाली मंडळी मजेत होती. थंडगार सरबत फिरत होतं. खडक हाकेच्या अंतरावर आला आणि शेठने तिला डबा काढायची खूण केली.

तेवढ्यात म्हातारा उठला. त्याने इंजिन बंद केलं, आणि तो एक अक्षर न बोलता छताच्या दोऱ्या सोडायला लागला. एक, दोन, चार. ताडपत्रीची व्यवस्थित घडी घालून तो तिच्यावर बसला. वैशाखातलं बाराचं ऊन थेट डोक्यावर आलं. पाहुण्यांना आधी ही काहीतरी गंमत वाटली. मग त्यांनी रुमाल काढले, मग कुरकूर सुरू झाली. लोखंडी कठड्याला हात लागून एक बाई कळवळल्या. शेठ भडकला, म्हाताऱ्याला चळ लागलाय, छत बांधा म्हणून ओरडला. शिष्येला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन वर्षांची मेहनत हा माणूस डोळ्यांदेखत समुद्रात बुडवत होता, आणि तोही तिचा गुरू. ती त्याच्याजवळ गेली आणि तिने कळवळून विचारलं, “आजोबा, माझ्याशी कसलं वैर काढताय?”

म्हाताऱ्याने दुर्बीण तिच्या हातात दिली. कडेच्या त्या एका पाखराकडे नीट बघ, एवढंच म्हणाला.

तिने पाहिलं. सुरय अंड्यावर बसलेली नव्हतीच. ती उभी होती. पंख अर्धवट पसरलेले, चोच उघडी, गळा धापेने हलत होता. तिच्या पोटाखाली सावलीचा हातभर तुकडा होता आणि त्या सावलीत अंडं होतं. शेजारची सुरय तशीच, तिच्यापलीकडची तशीच. सगळा खडकच उन्हात उभा होता.

मग म्हातारा बोलला. “अगो बाय, ती ऊब द्यायला नाही थांबलेली. ती छत धरून उभी आहे. डबा वाजवायची ही रीत या किनाऱ्यावर मीच आणली. तेव्हा मलाही तुझ्यासारखंच वाटायचं, की दुपारी काय बिघडतंय. एकदा पाखरं उठवली, आणि घटकाभराने खडकावर उतरलो. एक अंडं उचललं, तर हातात धरवेना. फोडलं, तर आत शिजलेलं. त्या वर्षी त्या अंगाला एक पिल्लू दिसलं नाही मला. तेव्हापासून मी डबा सोडला, आणि तीन तांडेलांना हे तोंडाने सांगितलं. तिघांनी माना डोलावल्या आणि तिघेही डबा वाजवायला गेले. म्हणून तुला तोंडाने सांगितलं नाही. आता तुझ्या डोक्यावर ऊन आहे. काय करायचं ते तू ठरव.”

कळवळलेल्या बाईंनी दुर्बीण मागून घेतली आणि बराच वेळ डोळ्यांवरून काढली नाही.

शेठवर मात्र काही परिणाम झाला नाही. तो म्हणाला की प्रवचन झालं असेल तर कामाला लागा, एकदाच वाजवा, एका वेळेने काय होतंय. शिष्या हलेना, तेव्हा तो स्वतःच डब्याकडे वाकला. तिने तो आधी ओढून घेतला, सुकाणूपाशी पालथा घातला आणि त्यावर बैठक मारली. कारखान्यातला बर्फ डोळ्यांसमोर होता, तरी ती उठली नाही. शेठने दरडावलं, समजावलं, सगळ्यांदेखत पाणउतारा केला. तिने इंजिन सुरू केलं आणि खडकापासून लांब राखत होडी सावकाश एक फेरा मारून वळवली. एकही पाखरू उडालं नाही.

धक्क्यावर उतरताच शेठने तिला सांगितलं की उद्यापासून या होडीला हात लावायचा नाही.

ती म्हणाली, “नाही लावणार. पण शेठ, होडी तुमची म्हणून खडक तुमचा होत नाही.”

दुसऱ्या दिवशी नवा तांडेल आला, नवे प्रवासी आले. सकाळची कोळंबी सोलून शिष्या दुपारी धक्क्यावर येऊन उभी राहिली, भर उन्हात. होडीत चढणाऱ्या प्रत्येकाला ती थांबवून सांगत होती की तिकडे डबा वाजला तर अंडी शिजतात, वाजवू देऊ नका. काहींनी ऐकलं, काहींनी नाक मुरडलं. शेठने माणूस पाठवून तिला हटकलं. धक्का सरकारी आहे म्हणाली, आणि हलली नाही. तिसऱ्या दिवशीही आली, चौथ्या दिवशीही. आपल्याला होडी मिळाली नाही याचं तिला दुःख होतं, रात्री रडूही यायचं. पण आपण चुकलो असं एकदाही वाटलं नाही.

पाचव्या दिवशी म्हातारा काठी टेकत आला. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने शाबासकी दिली नाही, धीर दिला नाही. तो फक्त तिच्या शेजारी उन्हात उभा राहिला आणि पुढच्या प्रवाशाला स्वतः सांगू लागला.

आपल्यासमोर कुणी मोठा देखावा मांडला, तर टाळी वाजवण्याआधी एवढं विचारावं, की यासाठी कुणाला जागेवरून उठवलंत? विचारणाऱ्याची होडी जाते. जाऊ द्यावी.