सात पानांची फूट

"पण बुवा, आता दुरुस्त करायचं राहिलंय तरी काय?"

चैतन्यबुवा मठाच्या ओट्यावर बसून शेवग्याच्या शेंगा सोलत होते. त्यांनी एका शेंगेची साल लांबवर ओढली आणि बाजूला टाकली.



हेरंबने वही उघडली. "पुढची भिंत झाली. हौदाची गळती थांबली. तुळशीवृंदावनाची भेग बुजवली. पायऱ्या बसवल्या. भाजीचे सहा वाफे झाले, ठिबकच्या नळ्या टाकल्या. मागचं कुंपण काल संध्याकाळी पुरं झालं. एकूण तेवीस कामं, बुवा. तेवीसच्या तेवीस!"

"लई झालं की," बुवा म्हणाले.

"मग अनुग्रह?"

बुवांनी दुसरी शेंग उचलली...

हेरंब परांजपे पुण्यात लोकांच्या गच्चीवर बागा करून द्यायचा. हाडाचा माळी, आणि तसं स्वतःच सांगणारा. पौषात तो कृष्णाकाठच्या या लहानशा मठात आला तो बुवांचा अनुग्रह घ्यायला. बुवांनी कानात मंत्र सांगायचा, आपण नारळ ठेवून नमस्कार करायचा आणि दोन दिवसांत घरी परतायचं, असा त्याचा साधा हिशेब होता.

पण मठाचं अंगण पाहिलं आणि त्याचा जीव कळवळला. पावसाळ्यात पडलेली भिंत तशीच पडलेली. हौद गळतोय, तुळशीला उभी भेग गेलीय, आणि परसात गाजरगवत माणसाच्या कमरेपर्यंत.

"बुवा, अनुग्रहाचं नंतर बघू. आधी तुमचं अंगण बघू," तो पहिल्याच तासात म्हणाला होता.

"बघ," बुवा म्हणाले होते.

आणि त्याने बाह्या सरसावल्या. दोन दिवसांचे तीन महिने झाले. एकेक काम हातावेगळं झालं की तो ओट्यापाशी येऊन विचारायचा, "आता?" आणि बुवा म्हणायचे, "बघू."

आता मात्र बघू म्हणायला वेळ उरला नव्हता. बुवांना शहाऐंशी वर्षं झाली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, माणूस त्यांना सावलीएवढाच दिसायचा. महाशिवरात्रीला त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "पाडव्यापातूर येतील त्या कानात सांगीन. फुडं कुणाच्या कानाला लागायचा न्हाई."

आणि पाडवा उद्यावर आला होता.

"गुलाबाची टोपली उचललीस का?" बुवांनी एकदम विचारलं.

हेरंब जागच्या जागी थांबला. टोपली! कुंपणाच्या नादात आठ दिवस तिकडे फिरकायलाच झालं नव्हतं. बाहेरून आळ्यात पाणी सोडत होता तेवढंच.

वहीत नसलेलं ते एकच काम. समाधीमागे एक जुना गावठी गुलाब होता. गर्द गुलाबी, वासाने अंगण भरून टाकणारा, पण खोड पोकळ झालेलं. तो जायच्या आत त्याच्यापासून नवं झाड करावं म्हणून हेरंबने माघात जंगली गुलाबाचा खुंट आणून लावला. त्याच्या सालीला चीर दिली, जुन्या गुलाबाचा एक डोळा, म्हणजे काडीवरचा कोंबाचा फुगवटा, काढून त्या चिरेत बसवला आणि वरून पट्टी बांधली. ऊन लागू नये म्हणून त्यावर टोपली पालथी घातली. माळी लोक याला डोळा भरणं म्हणतात. डोळा धरला की जंगली मुळांवर घरचा गुलाब फुलतो.

त्या दिवशी बुवा चाचपडत तिथवर आले होते. त्यांनी पट्टीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ह्यो डोळा फुटू दे. मग घे अनुग्रह."

"मग झालाच म्हणा की बुवा! माझा डोळा वाया जात नाही. शंभरातले पंच्याण्णव धरतात."

"आन् ऱ्हायलेले पाच?"

हेरंब नुसता हसला होता.

ते सगळं आता त्याला आठवलं आणि तो धावत सुटला. नव्या पायऱ्या त्याने दोन-दोन करून ओलांडल्या, वाफ्याच्या कडेला ठेचकाळला, चप्पल तिथेच राहिली. समाधीमागे पोचून त्याने टोपली उचलली.

आणि बघतच राहिला.

खुंटाच्या बुंध्याशी त्यानेच नारळाच्या काथ्याची भर घातली होती. त्या भरीतून वीतभर उंचीची फूट सरळ वर आली होती. लालसर, रसरशीत, टोकाला इवल्या पानांची मूठ. माघापासून ज्याची वाट पाहिली ते समोर उभं होतं.

"फुटला! बुवा, डोळा फुटला! माझा डोळा फुटला!"

आवाज एवढा मोठा होता की समाधीवरची कबुतरं उडाली.

स्वयंपाकघरात गोदाक्का पुरणाची डाळ शिजायला टाकत होती. मठातला स्वयंपाक ती तीस वर्षं करत आलेली. तिने ते शब्द ऐकले आणि तिच्या हातातून पळीच सुटली. डोळा फुटला! एका हातात हळदीचा डबा, दुसऱ्या हातात तुपाची वाटी घेऊन ती हंबरडा फोडतच धावली.

"अगं बया! कुठला फुटला वो हेरंबराव? डावा का उजवा? तरी मी म्हनत हुते, त्या कुंपनाच्या तारंला हात लावू नगा!"

"अहो आक्का, गुलाबाचा! गुलाबाचा डोळा फुटला!"

गोदाक्काने त्याच्या दोन्ही डोळ्यांत नीट बघून घेतलं. दोन्ही जागेवर होते. मग तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "जीव गेला असता की माझा!" आणि स्वतःच पदर तोंडाला लावून हसायला लागली.

हेरंबलाही हसू आवरेना. त्याला काय करू आणि काय नको असं झालं होतं. आज अनुग्रह, उद्या मठात गुढी, परवा पुणं! त्याने गोदाक्काच्या हातातली वाटी घेतली, बोटभर तूप चाटलं आणि परत दिली.

"नारळ आहे का घरात, आक्का? आणि फुलं? बुवांना आणतो इथे."

पण बुवा निघाले होतेच. एक हात भिंतीला लावून, पायाने पायरी चाचपत ते येत होते. हेरंबने पळत जाऊन त्यांना धरलं आणि गुलाबापाशी आणून बसवलं.

"वीतभर झालीय बुवा! काय जोर आहे म्हणून सांगू! मी सांगितलं नव्हतं? माझा डोळा वाया जायचा नाही!"

बुवांचा चेहराही फुलला होता. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"एका देठाला पानं किती?" त्यांनी विचारलं.

"भरपूर बुवा!"

"किती?"

हेरंब वाकला. एक देठ बोटांवर घेतला. एक, दोन, तीन...

त्याने पुन्हा मोजलं.

मग त्याने दुसरा देठ धरला.

गोदाक्का नारळ आणायला वळली होती, ती थांबली. "काय झालं?"

त्या जुन्या गुलाबाला एका देठावर पाच पानं येतात. कोणताही माळी सांगेल. सात पानं येतात ती जंगली खुंटाला.

त्याने काथ्या हळूच बाजूला केला. फूट आली होती ती पट्टीच्या खालून, खुंटाच्या अंगातून. पट्टी चार बोटं वर होती. त्याने ती नखाने सोडवली. आत डोळा होता, लवंगेसारखा काळा आणि सुकलेला.

कसं झालं हे त्याला लगेच कळलं. डोळा धरला की नाही याची तीन आठवडे वाट बघायची असते, मग खुंटाचा शेंडा छाटायचा; आधी छाटला तर खुंटच खालून फुटतो. हे तो लोकांना शिकवायचा. आणि स्वतः मात्र आठव्या दिवशीच शेंडा उडवून मोकळा झाला होता, फूट लवकर यावी म्हणून. अनुग्रह लवकर मिळावा म्हणून.

"हेरंबा," बुवा म्हणाले, "पानं सांगतोस नव्हं?"

बुवांना दिसत नव्हतं. गोदाक्काला पाच पानं आणि सात पानं यातला फरक ठाऊक नव्हता. पाच म्हणायला असा किती वेळ लागतो? पाच म्हटलं की आजच्या आज मंत्र. नाही म्हटलं की तीन महिने पाण्यात, आणि पुन्हा कधीच नाही. पुढच्या वर्षी बुवा कुणाच्या कानाला लागणार नव्हते.



"...सात," तो म्हणाला.

"घाईत मोजली असशील. निवांत मोज."

हेरंबला वाटलं, बुवा आपल्याला हात देतायत. धरावा का? क्षणभर तो त्या हाताशी जाऊनही आला.

"निवांतच मोजली, बुवा. सातच आहेत. जंगली आहे. माझा डोळा मेलाय."

गोदाक्काला सगळं कळलं नाही, पण त्याचा चेहरा कळला. हळदीचा डबा तिने खाली ठेवला.

वाफ्यांतून ठिबकचं पाणी टिपटिपत होतं. तेवीस कामांतलं ते एक, आणि चोख झालेलं.

हेरंबला एकदम राग आला. त्या फुटीचा, आणि त्याहून जास्त स्वतःचा. काय तोरा होता आपला! आणि वाढवलं काय? हे. दोन महिने पाणी घातलं, भर घातली, ऊन लागू नये म्हणून टोपली घातली, ती या रानटी काडीला!

त्याने खिशातून छाटणीची कात्री काढली.

"काढून टाकतो बुवा. मुळापासून काढतो. आणि संध्याकाळच्या एसटीने निघतो. तुमचं अंगण तेवढं नीट राहील."

कात्रीचं पातं त्याने फुटीच्या बुंध्याशी लावलं. मनगटात जोर आणला.

तोच बुवांचा हात मांडीवरून सुटला. चाचपडत आला आणि फुटीवर पडला. पडला तो मूठ वळूनच. फूट मुठीत, मूठ कात्रीच्या दोन पात्यांच्या मधोमध.

"बुवा! हात काढा!" हेरंब ओरडला. "बोटं तुटतील!"

बुवांनी हात काढला नाही.

"जंगली आहे ती, बुवा. काटे आहेत तिला."

"व्हय की. लागलं मला."

बोटांच्या फटीतून रक्ताचा एक थेंब आला. बुवा हसत होते. दात नसलेलं, लहान मुलासारखं, गाल वर चढलेलं हसू. इतकं खूश झालेलं त्यांना हेरंबने तीन महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"रस बघ किती हाय ह्यात!" ते म्हणाले. "आरं, मूठभर जोर हाय!"

हेरंबच्या हातातली कात्री सैल पडली.

"पण बुवा... डोळा तर फुटलाच नाही."

बुवांनी दुसरा हात वर केला. तो हेरंबच्या खांद्यावर आला, मानेवर सरकला, आणि त्यांनी त्याचं डोकं आपल्याकडे ओढलं.

"डोळा आसल्याच फुटीवर भरत्यात, येड्या. कान हिकडं कर."