चिताऱ्याचं नाव

एका राज्यात, खाडीच्या मुखाशी, जांभ्या दगडाचं एक चर्च होतं. चारशे वर्षांपूर्वी एका चिताऱ्याने त्याच्या भिंतीवर संतांची चित्रं काढली आणि खाली आपलं नाव लिहिलं. राजाला ते खपलं नाही. त्याने अख्ख्या भिंतीला शिंपल्यांचा चुना फासला. चितारी म्हणाला, "माझं नाव झाकलंत, आता ही भिंत तुमचे चेहरे मागेल." आणि तो चालत समुद्रात गेला.

तेव्हापासून दर वर्षी सणाच्या दिवशी गावातल्या एकाचा चेहरा नाहीसा होई आणि भिंतीवर उमटे. माणूस जगे, चेहऱ्याच्या जागी नुसती गुळगुळीत कातडी. पुढच्या दोन राजांनी वर नवे थर चढवले. चेहरे त्यांतूनही झिरपून आले.

यंदा इनासचा चेहरा गेला. त्याची बायको कार्मिण गवंडीकाम करी. आठ दिवस ती त्या कोऱ्या कातडीवरून हात फिरवत बसली. नवव्या दिवशी, भर दुपारी, छिन्नी घेऊन चर्चमध्ये गेली.

घंटेखाली एक घुबड बसलं होतं. ते म्हणालं, "बाई, चिताऱ्याचं नाव तुझ्या नवऱ्याच्या चेहऱ्याखाली आहे. ते उघडं झालं, तर चेहरे सुटतील. थर तीन. हात थांबला, तर तूही भिंतीत."

"दुसरा मार्ग?"

"नाही."

तिने छिन्नी लावली. पहिला थर मेलेल्या राजाच्या आवाजात गरजला, "हात तोडीन!" तिने तो खरवडला. दुसरा तिच्या मेलेल्या आईच्या आवाजात म्हणाला, "दमलीस गं बाय. टेक जरा." कार्मिणचे डोळे भरून आले, पण हात चालत राहिला. तिसऱ्याला छिन्नी लागताच इनास ओरडला, "कार्मिण, मी आहे गं! थांब, दुखतंय!"

तो आवाज खोटा नव्हता. चुन्यातून रक्त आलं.

"सोस रे, इनास," ती रडत म्हणाली आणि घाव घातला.

खपली पडली. खाली निळी अक्षरं होती. तिने मोठ्याने वाचलं, "बालतेजार."

भिंतीने सुस्कारा सोडला. ज्यांची माणसं कधीच मेली होती, त्या चेहऱ्यांनी डोळे मिटले. चुना गळून पडला, संत दिसू लागले. बाहेर गावभर माणसं एकमेकांना हाका मारत होती. पुढे त्या राज्याच्या राजाने बालतेजारचं नाव चर्चच्या दारावर कोरवून घेतलं, आणि त्यानंतर कुणाचा चेहरा गेला नाही.

त्या दुपारी कार्मिण धावत घरी आली, तेव्हा इनास उंबऱ्यावर बसला होता. गालावर छिन्नीची खोल जखम होती.

"थांब म्हणालो होतो तुला," तो म्हणाला.

"ऐकलं होतं," कार्मिण म्हणाली, आणि तिने जखमेवर हळद दाबली.