गप्प न बसलेलं कोकरू

"आणि नव्याण्णवांचं काय, गुरुजी?"

शिलास गुरुजी कालव्याच्या काठावर उकिडवे बसून एका मेंढीच्या खुरातला काटा काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"एका चुकलेल्या मेंढरासाठी मेंढपाळ नव्याण्णव मेंढरं रानात सोडून जातो. मागे लांडगा आला तर? त्या नव्याण्णवांनी कोणाकडे बघायचं?"

काटा निघाला. गुरुजींनी तो उन्हात धरून पाहिला, लांब फेकला आणि मेंढीला सोडून दिलं.

प्रश्न चांगला होता. पण एवढ्या प्रश्नासाठी कोणी चाळीस किलोमीटर मोटारसायकल हाणत येत नाही.

विचारणारे होते रेव्हरंड सुमंत पारखे. वय एकतीस, चर्चचे पाळक होऊन तीन वर्षं झालेली. भर उन्हाळ्यात, ढेकळांच्या रानात, पायात पॉलिश केलेले काळे बूट. येत्या रविवारी त्यांना बायबलमधल्या उत्तम मेंढपाळावर उपदेश करायचा होता. अकरा पानांचा उपदेश लिहून तयार होता आणि गाडीच्या डिकीत होता.

गुरुजींकडे ते धर्मशास्त्र शिकले होते. गुरुजी जन्माने मेंढपाळाच्या घरातले. चाळीस वर्षं पाळकपण केलं आणि निवृत्त झाल्यावर परत मेंढ्या घेतल्या. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं मंडळीतले लोक म्हणाले. गुरुजींना ते कळलं तेव्हा ते खूप हसले होते.

सुमंत सकाळीच आले होते. मेंढ्या वाघरीतून, म्हणजे जाळीच्या कुंपणातून, एकेक करून बाहेर पडत होत्या तेव्हा त्यांनी सवयीने मोजल्या. एक्केचाळीस. दुधावरची कोकरं तेवढी वाघरीत मागे राहिली. ती दिवसभर आत राहतात आणि आया चरून आल्या की संध्याकाळी पितात.

"किती झाल्या?" गुरुजींनी विचारलं होतं.

"एक्केचाळीस. का, तुम्हाला माहीत नाही?"

"मी मोजत नाही."

सुमंतना ते आवडलं नव्हतं. म्हातारपणी माणूस ढिला होतो, असं त्यांच्या मनात आलं. नंतर त्या विचाराची त्यांना लाज वाटली.

दुपार कलली तरी प्रश्न तसाच होता. मधे पाण्यावर एका फिरत्या धनगराचा मोठा कळप आला. दोन्हीकडच्या मेंढ्या घटकाभर एकमेकींत मिसळल्या आणि पाणी पिऊन वेगळ्या झाल्या. गुरुजी त्या धनगराशी पावसापाण्याचं बोलत बसले. सुमंत लिंबाखाली अस्वस्थपणे येरझारा घालत होते.

धनगर गेल्यावर गुरुजी त्यांच्याजवळ येऊन बसले.

"कोण गेलंय तुझ्याकडचं?"

सुमंत थबकले.

"...गिदोन."

मग सगळं बाहेर आलं. गिदोन देवळात पेटी वाजवायचा. हात सुरेख, पण प्यायचा. एका रविवारी तो पिऊन आला आणि सुमंतनी भर उपासनेत, सगळ्या मंडळीदेखत, त्याचं नाव घेऊन त्याला उठवलं. गिदोन उठला. त्याने पेटीचा भाता लावला, वर कापड घातलं आणि निघून गेला. त्याला चार महिने झाले.

आता तो तालुक्याच्या गावी मालधक्क्यामागच्या एका खोलीत राहत होता. हमाली करत होता, तीही आता होत नव्हती. गेल्या आठवड्यात कोणी तरी त्याला पाहिलं होतं. खोकताना त्याच्या रुमालाला रक्त लागलं होतं.

"मी गेलो होतो, गुरुजी. दोनदा गेलो. पहिल्यांदा बाहेरून हाक मारली, तर तो मागच्या दाराने निघून गेला. दुसऱ्यांदा शेजारीण म्हणाली घरात नाही. दारात त्याच्या चपला होत्या."

गुरुजी ऐकत होते.

"तेव्हापासून मला झोप लागत नाही. फोन वाजला की उचलवत नाही. वाटतं, तीच बातमी असेल." सुमंतचा आवाज खाली आला. "मला भीती वाटते. मी त्याला हाकललं आणि तो तिथे तसाच मेला तर..."

मेंढ्या कोरडं गवत खुडत होत्या.

मग सुमंतनी स्वतःला सावरलं. माणूस घाबरला की हिशेबाचा आधार शोधतो, तसं त्यांनी केलं. मंडळी काही कमी झालेली नाही, ते सांगू लागले. ते आले तेव्हा रविवारी ऐंशी माणसं बसायची, आता एकशेबारा बसतात. हजेरीची वही आहे, दर रविवारी ते स्वतः मोजतात. एका माणसामागे किती धावायचं? बाकीच्यांचीही जबाबदारी आहेच ना?

"तुम्ही एवढंच सांगा, गुरुजी. मी माझं काम केलं की नाही?"

गुरुजींनी काठीने जमिनीवर एक रेघ ओढली आणि पुसली.

"गिदोनला कोण आहे?"

"आई आहे. सगुणाबाई."

"ती येते देवळात?"

"येते. पण गीत सुरू झालं की रडायला लागते. पेटी आता दुसरा मुलगा वाजवतो ना... सगळ्यांचं लक्ष तिकडे जातं. म्हणून दोन बायकांना सांगून ठेवलंय. गीतं होईपर्यंत तिला बाहेरच्या खोलीत बसवतात."

गुरुजी त्यांच्याकडे बघत राहिले. इतका वेळ की सुमंतनी नजर वळवली.

"चल. परतायची वेळ झाली," गुरुजी म्हणाले.

*

सूर्य टेकायला आला तेव्हा कळप वाघरीशी पोहोचला. गुरुजींनी जाळीचं एक टोक सोडलं. मेंढ्या रांगेने आत शिरू लागल्या आणि सुमंत तोंडाशी उभे राहून मोजू लागले.

"एक्केचाळीस," ते म्हणाले. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात जरा समाधान होतं. "सगळ्या आल्या."

गुरुजींनी जाळीचं टोक ओढून धरलं.

आत एकच गलका उठला. कोकरं आयांना हाका मारत होती, आया कोकरांना. सुमंतना त्या गोंधळात काही कळेना. प्रत्येक कोकरू चारदोन मेंढ्या हुंगत, लाथा खात, शेवटी आपल्या आईच्या पोटाखाली घुसत होतं. घुसलं की गप्प व्हायचं. हळूहळू आवाज कमी होत गेला.

गुरुजी कान देऊन उभे होते.

शेवटी एकच आवाज उरला. काळ्या तोंडाचं एक कोकरू जाळीच्या कडेकडेने पळत होतं आणि थांबून थांबून ओरडत होतं.

"याला भूक लागली असेल," सुमंत म्हणाले.

कोकरू एका मेंढीपाशी गेलं. तिने त्याला डोक्याने ढकलून दिलं. गुरुजी आत गेले, तिचा कान हातात घेऊन पाहिला. कानाला चीर होती.

"ही त्या धनगराची. पाण्यावर आली आपल्यात."

"पण मी मोजल्या..." सुमंतचा चेहरा उतरला. "बरोबर भरल्या होत्या."

गुरुजींनी ते ओरडणारं कोकरू उचललं आणि सुमंतच्या हातात दिलं. पांढऱ्या शर्टावर चार चिखलाचे पाय उमटले. कोकराचं काळीज इतकं जोरात उडत होतं की ते सुमंतना तळहाताला जाणवत होतं.

गुरुजींनी जाळी बांधली आणि काठी घेऊन ते निघाले.

"गुरुजी, आणि या? या एकट्याच? परवाच इकडे लांडगा दिसला म्हणत होतात ना तुम्ही?"

"दिसला होता."

"मग भीती नाही वाटत?"

"वाटते."

"आणि तरी..."

गुरुजी पुढे गेले होते. सुमंतनी एकदा मागे वळून वाघरीकडे पाहिलं. मेंढ्या बसल्या होत्या. एकीनेही मान वर केली नव्हती. भीती वाटत होती ती सुमंतनाच. ते कोकरू छातीशी धरून घाईघाईने गुरुजींच्या मागे चालू लागले. काळे बूट ढेकळांत मुरगळत होते.

कालव्याच्या काठाला वेड्या बाभळीची दाट झाडी होती. उजेड झपाट्याने कमी होत होता. सुमंतना एकेक भीती सुचू लागली. मेंढी कालव्यात पडली असेल. कुत्र्यांनी गाठली असेल. धनगर तिला घेऊन पुढच्या गावाला गेला असेल. चपलांची एक जोडीही मधूनच डोळ्यांपुढे येत होती, दारात नीट लावून ठेवलेली.

त्यांना राहवेना. दिवसभर गुरुजींची हाक त्यांनी ऐकली होती, जीभ टाळूला लावून काढलेली, लांबवर जाणारी. तशीच हाक त्यांनी दिली. आवाज त्यांचा मुळात मोठा, देवळात माईक लागत नाही असा. हाक झाडीवर आदळली.

झाडीत काही तरी हललं.

"आहे," सुमंत पुटपुटले आणि त्यांनी आणखी मोठ्याने हाक दिली.

फांद्या मोडल्याचा आवाज झाला. तो आवाज लांब गेला, झाडीत आणखी आत. मग काहीच नाही.

सुमंतनी तिसऱ्यांदा श्वास भरून घेतला. गुरुजींनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. तो म्हाताऱ्याचा खरखरीत, लोकरीचा वास येणारा हात तसाच राहिला.

"मी हाक मारू नको?" हात निघाल्यावर सुमंतनी हळूच विचारलं. "मग तुम्ही मारा. तुमचा आवाज ओळखेल ती."

गुरुजींनी मान हलवली.

"घाबरलीये ती. आता माझ्या आवाजालाही येणार नाही."

"मग काय करायचं?"

दोघं उभे राहिले. रातकिडे सुरू झाले होते. सुमंतच्या हातातलं कोकरू मघाच्या हाकांनी दबून गप्प झालं होतं. आता त्याने मान बाहेर काढली, अंग ताणलं आणि ते ओरडलं. आवाज बारीक होता, चिरका. मंडळीत कोणी तसा आवाज काढला असता तर सगळ्यांनी वळून पाहिलं असतं.

थांबलं. पुन्हा ओरडलं.

...

झाडीतून उत्तर आलं. खोल, घोगरं, थकलेलं.

कोकरू सुमंतच्या हातात वेड्यासारखं धडपडू लागलं. ते ओरडत राहिलं आणि तिकडून उत्तरं येत राहिली. दर वेळी थोडी जवळून. शेवटी बाभळीच्या कडेला मेंढी दिसली. पाठीची लोकर काट्यांनी ओढून निघाली होती आणि मागचा एक पाय ती उचलून धरत होती.

तिने सुमंतना पाहिलं आणि ती जागच्या जागी उभी राहिली.

सुमंत नकळत एक पाऊल पुढे सरकले. मेंढी एक पाऊल मागे गेली.

गुरुजींनी जमिनीकडे बोट दाखवलं.

सुमंतनी वाकून कोकरू खाली सोडलं. मग गुरुजींनी त्यांच्या खांद्याला धरून त्यांना मागे ओढलं. एक पाऊल, दोन पावलं, चार पावलं. बाजूच्या बांधाआड दोघं खाली बसले. बसताना गुरुजींचे गुडघे कडकड वाजले.

कोकरू पळत सुटलं. मेंढी लंगडत पुढे आली. तिने त्याला हुंगलं आणि ते तिच्या पोटाखाली घुसलं.

आवाज बंद झाला.

सुमंत बांधाआड बसून ते बघत होते. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

परत येताना मेंढी आपणहून मागे मागे चालत आली. पुढे कोकरू होतं. वाघरीतल्या मेंढ्याही तशाच बसलेल्या होत्या. गुरुजींनी लंगड्या मेंढीला आत सोडलं, चिरलेल्या कानाच्या मेंढीला दोरी बांधली आणि ते निघायला लागले. धनगराचा तळ दोन शेतं पलीकडे होता.

"सकाळी नेली तर नाही चालणार?" सुमंतनी विचारलं. "दमलाय तुम्ही."

"त्याच्याकडेही एखादं ओरडत असेल."

सुमंतनी गाडीजवळ जाऊन डिकी उघडली. अकरा पानं बाहेर काढली, अंधुक उजेडात पाहिली आणि परत आत ठेवली. मग ते दोरी धरून उभ्या असलेल्या गुरुजींपाशी आले.

"उद्या जातो मी. गिदोनकडे."

गुरुजींनी मान डोलावली.

"पण गुरुजी, हाक मारली की तो पळतो. दोनदा बघितलं ना मी." त्यांचा आवाज पुन्हा दुपारसारखाच घाबरा झाला होता. "दारात उभा राहून काय बोलू मी त्याच्याशी?"

गुरुजींनी दोरी मनगटाला गुंडाळली. चार पावलं गेले. मग थांबून मोटारसायकलकडे वळून पाहिलं.

"सगुणाबाई गाडीवर मागे बसते का रे?"