दाण्याआधी खडा

कोंबड्या एकमेकींच्या तब्येतीची मनापासून चौकशी करायच्या, त्या काळची गोष्ट. एका अंगणात पोल्ट्रीतून पळालेली पांढरी कोंबडी राहायला आली. जन्मभर तिने कारखान्यातलं मऊ, तयार खाद्यच खाल्लं होतं. इथे तिने ज्वारीचे चार दाणे खाल्ले आणि तिची गळ्याखालची पिशवी टम्म फुगली.

"ज्वारी मला सोसत नाही. मी परत जाते," ती कण्हत म्हणाली.

"नाटकं नुसती! आम्ही नाही का खात?" कोंबडा खेकसला.

"गप रे. दुखतंय तिला, खरंच दुखतंय," म्हातारी तांबडी म्हणाली. तिने माती उकरून एक बारीक खडा पुढे सरकवला. "आधी हा गीळ, पोरी. आपल्याला दात नाहीत. खडेच पोटात जात्यासारखे दाणे दळतात. तुझ्या खाद्यात दळण्यासारखं काही नव्हतंच, मग तुला खडे कोण देणार?"

पांढरी रोज थोडे खडे, थोडे दाणे खात गेली. महिन्याभरात तिला पोटभर ज्वारी पचू लागली.

पुढे पोल्ट्रीतून आणखी एक कोंबडी पळून आली. पांढरी तिच्यासाठी माती उकरायला धावली, तर कोंबडा आधीच चोचीत खडा धरून उभा होता.